कोळी-विंचवांचा जागतिक बाजार : माल कोणाचा, नफा कोणाला?

घरात विंचू निघाला की आपण आधी चप्पल शोधतो आणि कोळ्याचे जाळे दिसले की केरसुणी. पण जगात असेही लोक आहेत जे पैसे मोजून विंचू आणि तळहाताएवढे केसाळ कोळी विकत घेतात, काचेच्या पेटीत ठेवतात आणि वर्षानुवर्षे सांभाळतात. जर्मनी, पोलंड, इंग्लंड, अमेरिका, जपान या देशांत हा छंद चांगलाच रुजला आहे. जर्मनीतल्या हाम या गावी वर्षातून अनेक वेळा अशा प्राण्यांची जत्रा भरते आणि युरोपभरचे विक्रेते व शौकीन तिथे जमतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोळी, विंचू आणि त्यांच्या कुळातल्या तब्बल १,२६४ जाती बाजारात विकल्या जात असल्याचे आढळले.

आमच्या व्यापार पानाला याचे काय, असा प्रश्न वाचक बंधूंना पडेल. त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की या बाजारात विकला जाणारा काही माल आपल्याच देशातल्या जंगलातला आहे. दुसरे असे की जिथे माल लहान आणि किंमत मोठी, तिथे दलाल पोहोचतातच. 'एवढी पेटी फक्त पोहोचवून दे', 'काळा मोठा विंचू पकडून आण, लाखात घेतो', असे सांगणारा माणूस उद्या आपल्या मोहल्ल्यातल्या एखाद्या बेकार पोराला गाठू शकतो. तो येण्याआधी या धंद्याचा सगळा हिशेब आपल्याला ठाऊक असलेला बरा. असल्या जिवांची खरेदी-विक्री जायज आहे की नाही, हा प्रश्न ज्याचा त्याने आलिमांना विचारावा. आम्ही इथे फक्त धंद्याचा आणि कायद्याचा हिशेब मांडणार आहोत.

माल आहे तरी कसा?

ज्याला टॅरंटुला म्हणतात तो मोठ्या, केसाळ कोळ्यांचा एक संपूर्ण परिवार आहे. त्यात हजाराहून अधिक जाती आहेत. काही जमिनीत बीळ करून राहतात, काही झाडाच्या ढोलीत. शौकिनांना तो आवडतो याची कारणे साधी आहेत. त्याला जागा थोडी लागते. तो ओरडत नाही, त्याचा वास येत नाही. पूर्ण वाढलेल्या कोळ्याला आठवड्याला एक-दोन रातकिडे पुरतात आणि तो कित्येक आठवडे उपाशीही राहू शकतो. शिवाय मादी दीर्घायुषी असते. मेक्सिकोतल्या लाल गुडघ्याच्या टॅरंटुलाची मादी वीस-पंचवीस वर्षे जगते. नर मात्र वयात आल्यावर फार काळ टिकत नाही. म्हणून बाजारात मादीला भाव आणि नराला नाही. कोळ्याने टाकलेली कात पाण्यात भिजवून, ताणून पाहिली की नर-मादी ओळखता येते. जाणकार विक्रेता म्हणूनच कात जपून ठेवतो. आपल्याकडच्या बैलबाजारात दात बघतात तसाच हा प्रकार.

विंचवांमध्ये सर्वाधिक खपणारा माल म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला सम्राट विंचू. हा काळा, चकचकीत आणि सुमारे वीस सेंटीमीटरपर्यंत वाढणारा असतो. दिसायला भयंकर, पण त्याचा डंख मधमाशीच्या डंखाच्या जवळपासचा. अतिनील दिव्याखाली कोणताही विंचू हिरवट-निळा चमकतो आणि गिऱ्हाईक खूश होते.

टॅरंटुलाच्या चाव्याने माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही. याचा अर्थ तो खेळणे आहे असा नव्हे. अमेरिका खंडातले बरेच टॅरंटुला पोटावरचे बारीक केस पायाने उडवतात. ते डोळ्यात गेले तर डॉक्टर गाठावा लागतो. आपल्या आशिया खंडातल्या जातींना ते केस नाहीत, पण त्या चपळ असतात आणि त्यांचे विष अधिक तीव्र असते. आपल्या देशातल्या झाडावरच्या टॅरंटुलाच्या चाव्याने स्नायूंत येणारे पेटके कधी कधी कित्येक दिवस छळतात. त्यामुळे खरा शौकीन त्याला हातावर घेत नाही. घेतल्याने कोळ्याचेही नुकसानच होते. कंबरेएवढ्या उंचीवरून पडला तरी त्याचे पोट फुटते आणि माल संपतो.

मेक्सिकोने शिकवलेला धडा

लाल गुडघ्याचा टॅरंटुला दिसायला सुंदर आणि स्वभावाने शांत. १९७० च्या दशकापासून अमेरिका व युरोपच्या बाजारात त्याची मागणी वाढली. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या डोंगरांतून हे कोळी बिळे खणून काढले जाऊ लागले. इथे धंद्याचे एक गणित चुकत होते. या जातीच्या मादीला वयात यायला सहा-सात वर्षे लागतात. आज बिळातून काढलेल्या मादीची जागा भरायला जंगलाला तेवढीच वर्षे हवीत. दुकानातले भांडवल दर महिन्याला खर्च करायचे आणि भरणा सात वर्षांनी करायचा, असा तो व्यवहार होता. कोणती पेढी त्यावर टिकेल?

शेवटी १९८५ साली ही जात साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातली गेली. साइट्स म्हणजे धोक्यातल्या वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर ठेवणारा करार. तो १९७५ मध्ये अमलात आला आणि भारत १९७६ पासून त्यात सामील आहे. पहिल्या परिशिष्टातल्या जिवांचा व्यापार जवळपास बंदच असतो. दुसऱ्या परिशिष्टातल्यांचा व्यापार करता येतो, मात्र निर्यात करणाऱ्या देशाचा परवाना लागतो. १९९४ च्या परिषदेत या टॅरंटुलाच्या सगळ्या भाऊबंद जातीही याच परिशिष्टात आल्या.

त्यानंतर बाजार बुडाला का? नाही. त्याने रस्ता बदलला. पाळलेल्या मादीकडूनच पिले मिळवायला शौकिनांनी सुरुवात केली. एक मादी एका वेळी साधारण दोनशे ते चारशे अंडी रेशमी पिशवीत घालते. पिले मटारापेक्षाही लहान असतात. त्यातली बरीच स्वस्तात विकली जातात, काही मरतात आणि काही माद्या चार-पाच वर्षे वाढवून चढ्या दराने विकल्या जातात. मेक्सिकोतही परवाना घेऊन कायदेशीर पैदास करणारी केंद्रे उभी राहिली.

या पैदाशीत एक पद्धत अशी आहे की आपल्या वाचकांना ती लगेच कळेल. एकाकडे मादी असते, दुसऱ्याकडे वयात आलेला नर. नराचा मालक नर पाठवतो आणि होणारी पिले अर्धी-अर्धी वाटून घेतली जातात. आपल्या गावाकडे शेळी अर्धलीने देतात, तेच हे. लेखी करार क्वचितच असतो, सगळे शब्दावर चालते. शब्द मोडणाऱ्याला पुन्हा कोणी नर देत नाही.

आफ्रिकेतला विंचू आणि आफ्रिकेतला गरीब

सम्राट विंचू प्रामुख्याने घाना, टोगो आणि बेनिन या देशांतून येतो. वारुळांच्या आसपास आणि दमट बिळांत तो राहतो. तिथले गावकरी बिळे खणून विंचू काढतात आणि गोळा करणाऱ्याला देतात. तिथून तो निर्यातदाराकडे जातो, मग विमानाने परदेशी घाऊक व्यापाऱ्याकडे आणि शेवटी दुकानात. या साखळीत सर्वांत कमी पैसा पडतो तो उन्हातान्हात बीळ खणणाऱ्याच्या पदरात. दलाली आपल्याला नवी नाही. आंबा असो, मासळी असो की चामडे, तिथेही हेच चालते. फरक एवढाच की आंब्याचे झाड पुढच्या वर्षी पुन्हा फळते.

विंचवीण अंडी घालत नाही, पिलांना जन्म देते. सम्राट विंचविणीचा गर्भ सात महिन्यांपासून वर्षभरापर्यंत, कधी त्याहूनही अधिक काळ चालतो. एका वेळी दहा ते तीस पिले होतात आणि पहिली कात टाकेपर्यंत ती आईच्या पाठीवर बसून असतात. पिलाला मोठे व्हायला काही वर्षे लागतात. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या जिवाला जंगलातून भराभर उपसले तर काय होईल, ते सांगायला नको. १९९४ च्या त्याच परिषदेत सम्राट विंचूही दुसऱ्या परिशिष्टात घातला गेला. तरीही टॅरंटुलाच्या पैदाशीला जसे यश आले तसे विंचवाच्या पैदाशीला आले नाही. त्याची पैदास सावकाश आणि जंगलातून पकडलेला माल स्वस्त. मग मेहनत कोण करणार? बाजारातला बराचसा माल आजही जंगलातूनच येतो.

आपला निळा कोळी परदेशी कसा झाला?

आता आपल्या देशाकडे येऊ. आंध्र प्रदेशातल्या गुत्ती येथे रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत एक अद्भुत निळ्या रंगाचा टॅरंटुला सापडला होता. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचे अभ्यासक पोकॉक यांनी १८९९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पुढे शंभर वर्षे तो कोणाला दिसला नाही. २००१ मध्ये तो पुन्हा सापडला, पण गुत्तीला नव्हे. तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या मधल्या पूर्व घाटातल्या जंगलात तो होता. म्हणजे गुत्तीचा कोळी बहुधा लाकडांबरोबर आगगाडीने आला होता.

त्यानंतर थोड्याच काळात हा निळा कोळी युरोपातल्या शौकिनांच्या पेट्यांत दिसू लागला. सुरुवातीला एकेकाला शेकडो डॉलर मोजले गेले. व्यापारासाठी वन्य प्राण्यांच्या निर्यातीला आपल्या देशात परवानगी नाही, तेव्हा ते तिकडे कोणत्या वाटेने गेले असतील ते वाचकांनी ओळखावे. पुढे तिकडच्या पैदासकारांनी त्याची भरपूर पिले काढली आणि भावही उतरला. आज जगभर विकले जाणारे निळे कोळी बहुतांशी तिकडेच जन्मलेले आहेत. ज्या जंगलातून त्यांचे पूर्वज गेले, त्या जंगलाला किंवा तिथल्या लाकूडतोड्याला त्यातला छदामही मिळालेला नाही. खुद्द त्या जंगलात हा कोळी शंभर चौरस किलोमीटरहूनही कमी भागात उरला आहे. लाकडासाठी होणारी तोड चालूच राहिली. २००८ मध्ये त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली.

याच निळ्या कोळ्याचे भाऊबंद, म्हणजे झाडावर राहणारे नक्षीदार टॅरंटुला, फक्त भारत आणि श्रीलंका या दोनच देशांत आढळतात. त्यातली एक जात पश्चिम घाटासह दक्षिण भारतात पसरलेली आहे. झाडाच्या ढोलीत किंवा सुटलेल्या सालीखाली ती राहते. श्रीलंका आणि अमेरिकेने मांडलेल्या प्रस्तावावरून २०१९ च्या जिनेव्हा परिषदेत हा संपूर्ण गट साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात दाखल झाला.

बिस्किटांच्या डब्यातून कोळी

कायदा आला की चोरवाटाही निघतात. २०१० साली अमेरिकेच्या लॉस एंजेलिसमध्ये टपालाच्या एका पुडक्यात सुमारे ३०० जिवंत टॅरंटुला सापडले. त्यावरून माग काढत अधिकाऱ्यांनी एका जर्मन विक्रेत्याला गाठले आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याला अटक झाली. २०१९ च्या एप्रिलमध्ये फिलिपाइन्सची राजधानी मनिला इथल्या विमानतळावर पोलंडहून आलेल्या ओटमील आणि बिस्किटांच्या डब्यांत ७५७ टॅरंटुला निघाले. २०२४ च्या नोव्हेंबरात पेरू देशात लिमा विमानतळावर एका कोरियन तरुणाला पकडले. त्याचे पोट अवाजवी फुगलेले दिसत होते. कपड्यांखाली पट्ट्यांना बांधलेले ३२० टॅरंटुला, ११० गोमा आणि ९ मोठ्या विषारी मुंग्या त्याच्याजवळ होत्या. २०२५ च्या जुलैमध्ये जर्मनीतल्या कोलोन-बॉन विमानतळाच्या जकात अधिकाऱ्यांनी जाहीर केले की व्हिएतनामहून आलेल्या केकच्या खोक्यांत टॅरंटुलाची सुमारे १,५०० पिले सापडली. त्यातली पुष्कळ वाटेतच मेली होती.

आपला देशही यातून सुटलेला नाही. २०२१ च्या जुलैमध्ये चेन्नईच्या हवाई जकात अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेले एक टपालाचे पुडके उघडले. आत चांदीच्या वर्खासारख्या कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या १०७ प्लास्टिकच्या कुप्या होत्या आणि प्रत्येकीत एक जिवंत कोळी. पत्ता तमिळनाडूतल्या अरुप्पुकोट्टै इथला होता. तपासणीत त्यात लाल गुडघ्याच्या गटातले, म्हणजे साइट्सखालचे टॅरंटुला निघाले. माल परत पोलंडला धाडण्यासाठी टपाल खात्याच्या हवाली झाला.

या सगळ्या घटनांत एक गोष्ट सारखी आहे. पकडला जातो तो माल वाहणारा किंवा ज्याच्या नावाने पुडके आले तो. पैसे लावणारा क्वचितच विमानतळावर दिसतो. सोन्याच्या बाबतीत आखाती विमानतळांवरून येणाऱ्या कितीतरी पोरांनी हा अनुभव घेतला आहे. 'भाऊ, एवढी पिशवी घेऊन जा, तिकडे माणूस घ्यायला येईल' या वाक्याने घरे बसली आहेत. पिशवीत सोने असो वा कोळी, नियम एकच: दुसऱ्याचा बंद डबा आपल्या सामानात घ्यायचा नाही.

आपल्याकडचा कायदा

पूर्वी परदेशी प्राणी घरात ठेवण्याबाबत आपल्या वन्यजीव कायद्यात स्पष्टता नव्हती. देशी वन्य प्राणी पकडणे गुन्हा, पण परदेशी प्राणी एकदा देशात आला की त्याला कोणी विचारत नसे. ती स्थिती आता राहिलेली नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिने साइट्सच्या परिशिष्टांतल्या सर्व जिवांसाठी चौथी अनुसूची तयार केली. त्यामुळे मेक्सिकोचा लाल गुडघ्याचा टॅरंटुला, आफ्रिकेचा सम्राट विंचू आणि आपल्या झाडांवरचे नक्षीदार टॅरंटुला हे सगळे आता या कायद्याखाली आहेत. असा जीव जवळ असेल तर त्याची नोंदणी करावी लागते. तो मेला, दुसऱ्याला दिला किंवा त्याला पिले झाली तर तेही कळवावे लागते. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर यासाठीचे नियम आले आणि केंद्र सरकारच्या परिवेश या ऑनलाइन व्यवस्थेवर नोंदणी सुरू झाली. आधीपासून प्राणी बाळगणाऱ्यांना सहा महिन्यांची मुदत दिली होती. ती केव्हाच संपली आहे.

या कायद्याच्या भंगाला सर्वसाधारणपणे तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परदेशातून जिवंत प्राणी आणायचा तर विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. तो नसेल तर जकात कायदाही लागतो. म्हणून पाळीव प्राण्यांचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या दुकानदार बंधूंना आमचे सांगणे आहे की कोणी 'चार कोळी ठेवा, विकले तर पैसे द्या' म्हणत आला, तर आधी कागद मागा. शास्त्रीय नाव काय, परवाना कुठे, जन्म कुठला, या तिन्हीची उत्तरे कागदावर हवीत. नावाचाही घोळ असतो. लाल गुडघ्याच्या टॅरंटुलाचेच बघा. वर्षानुवर्षे एका नावाने विकले गेलेले बहुतेक कोळी वेगळ्याच जातीचे आहेत, असे २०१७ मध्ये अभ्यासकांनी दाखवले. कागदावर एक नाव आणि पेटीत दुसराच जीव असेल तर अडचण दुकानदाराची होते.

लाल विंचवाशी खेळ नको

कोकणातल्या वाचकांना लाल विंचवाची ओळख करून द्यायला नको. भारतातला हा सर्वांत घातक विंचू. इंगळी म्हणून ओळखला जाणारा मोठा काळा विंचू दिसायला भीतिदायक, पण विषाने त्या मानाने सौम्य. लहानसा लाल विंचू मात्र माणसाचे हृदय आणि फुप्फुसे निकामी करतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातल्या रुग्णांवर उपचार करता करता यावर संशोधन केले. लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे लेख आले. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध वेळेत दिले तर रोगी वाचतो, हे त्यांनी दाखवले. पूर्वी रुग्णालयात आलेल्या गंभीर रुग्णांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास दगावत. ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

हे सांगण्याचे कारण असे की छंदाच्या नावाखाली आपल्याकडची काही पोरे आता रानातून विंचू पकडून बाटलीत ठेवू लागली आहेत. लाल विंचू घरात ठेवणे म्हणजे घरातल्या लहान मुलांच्या जिवाशी खेळ आहे. आणि डंख झालाच तर मंत्र-उतारा करण्यात वेळ न दवडता सरळ दवाखाना गाठावा.

'लाखाचा विंचू' ही निव्वळ थाप

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. 'विंचवाच्या विषाचा एक लिटर कोट्यवधी रुपयांना जातो' हे वाक्य ऐकून काहींच्या तोंडाला पाणी सुटते. पण एका विंचवातून एका वेळी मिलिग्रॅममध्ये मोजावे इतके थोडे विष निघते. लिटर भरायला किती विंचू आणि किती वर्षे लागतील याचा हिशेब कोणी करत नाही. विष विकत घेणाऱ्या प्रयोगशाळा ठरावीक जातीचे, शुद्ध केलेले, गोठवून सुकवलेले आणि कागदपत्रांसह विष घेतात. वाळवंटातल्या एका पिवळ्या विंचवाच्या विषातील घटकावर मेंदूतील गाठी ओळखण्यासाठी संशोधन चालू आहे, हे खरे. मुंबईच्या हाफकिनने लाल विंचवाच्या विषावरचा उतारा तयार केला, हेही खरे. पण यांपैकी कोणीही रस्त्यावर डब्यात आणलेला विंचू लाखात विकत घेत नाही.

पाकिस्तानात २०१० नंतर अशीच हूल उठली होती. काळ्या वजनदार विंचवाला लाखोंचा भाव मिळतो म्हणून लोक कामधंदा सोडून रात्री बॅटऱ्या घेऊन रानोमाळ फिरत होते. आपल्या महाराष्ट्रात मांडुळाची हीच कथा झाली. 'दुतोंड्या साप, अमुक किलोचा असेल तर कोटी रुपये' या थापेपायी कित्येकांनी दलालांना बयाणा दिला आणि कित्येकजण गिऱ्हाईक बनून आलेल्या पोलिसांच्या हाती लागले. अशा व्यवहारात शेवटचे गिऱ्हाईक कधीच नसते. असतात ते फक्त एकमेकांना विकणारे, आणि शेवटी ज्याच्या हातात डबा त्याच्या हातात बेडी.

मग आपल्या हाताला काय काम?

वाचक म्हणतील, सगळे नकोच सांगितले, करावे काय? या बाजारात जीव विकल्याशिवायही काम आहे, आणि ते आपल्या कारागिरांच्या हातचे आहे.

कोळ्याला लागणारी पेटी घ्या. जमिनीवर राहणाऱ्या टॅरंटुलाची पेटी उंच चालत नाही. मातीच्या थरापासून झाकणापर्यंतची उंची त्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नसावी, नाहीतर तो चढून पडतो. झाकणाला तारेची जाळी लावू नये, त्यात त्याच्या पायाच्या नख्या अडकतात. त्याऐवजी ॲक्रेलिकच्या पत्र्याला बारीक भोके पाडतात, तीही समोरासमोरच्या बाजूंना, म्हणजे हवा आरपार खेळते. झाडावरच्या जातींना उलट उंच पेटी हवी आणि दार पुढून उघडणारे. सांधे सिलिकॉनने नीट भरलेले आणि कुलूप पक्के हवे. काचकाम आणि ॲक्रेलिकचे काम जाणणाऱ्याला यात अवघड काही नाही. अशीच पेटी सरडे, बेडूक किंवा काचेतली छोटी बाग ठेवणाऱ्यांनाही लागते. त्यामुळे माल पडून राहण्याची भीती कमी.

दुसरी वस्तू म्हणजे पेटीतली माती. जगभरचे शौकीन यासाठी नारळाच्या सोडणाचा भुसा, म्हणजे कोकोपीट वापरतात. भारत आणि श्रीलंका हे त्याचे मोठे निर्यातदार आहेत. ६५० ग्रॅमच्या विटा आणि पाच किलोचे ठोकळे अशा बांधणीत तो जातो. त्याची मोठी मागणी अर्थातच रोपवाटिकांची आहे, शौकिनांची छोटी. अट एकच, भुसा गोड्या पाण्याने धुऊन त्यातला खारटपणा काढलेला हवा. ज्या कोकणात सोडणे चुलीत जातात किंवा परसात कुजतात, तिथल्या तरुणांनी या वस्तूची माहिती जरूर काढावी.

तिसरे काम रातकिड्यांच्या पैदाशीचे. हे खाद्य कोळ्यापुरते नाही, काही पक्षी आणि मासे यांनाही चालते. मात्र गिऱ्हाईक कुठे आहे ते आधी बघूनच भांडवल घालावे.

मेक्सिकोचा कोळी, आफ्रिकेचा विंचू आणि गुत्तीचा निळा कोळी या तिघांचा ताळेबंद एकच सांगतो. जंगलातून उचलून आणणाऱ्याला मजुरी मिळाली, लपवून नेणाऱ्याला शिक्षा झाली आणि कमाई त्याची झाली ज्याने कागद नीट ठेवले, वर्षानुवर्षे सांभाळ केला आणि शब्द पाळला. म्हणून कोणी असा डबा घेऊन दारात आला, तर त्याला तीन प्रश्न विचारा: हा जीव कुठून आला, कागद कुठे आहे आणि शेवटी घेणार कोण? तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत तर त्याला चहा पाजून वाटेला लावा, आणि शेजारच्या दुकानदारालाही सावध करा.